डाव्या स्पीकरातला वारा

बेल वाजली तेव्हा रास्तको सोफ्यावर डोळे मिटून बासची वाट बघत बसला होता.

बास यायला हरकत नव्हती. स्पीकर छातीइतके उंच होते, भिंतीशी दोन पहारेकऱ्यांसारखे उभे होते, आणि त्यांना चौथ्या मजल्यावर आणताना लिफ्टने नेहमीप्रमाणे राजीनामा दिला होता. पण सोफ्यापर्यंत पोचत होतं ते सगळं आजाऱ्याच्या सूपसारखं – पातळ, सात्त्विक आणि पोट न भरणारं. गायिका होती, व्हायोलिनं होती, झांजा तर नको तितक्या होत्या. खालचे सूर मात्र कुठे जात होते, देव जाणे.

देवाच्या खालोखाल ते नेवेनाला माहीत होतं. तिने बेल वाजवली होती.

दारात कोपरापर्यंत लाल हातांची एक बाई बघून रास्तको एक पाऊल मागे सरला.

"रक्त नाही, मिरच्या आहेत," ती म्हणाली. "आईचा आयवार चाललाय, वर्षभराची मिरच्यांची चटणी. मी तिसऱ्या मजल्यावरची, तुमच्या बरोबर खालची. शेजारी, तुमचा बास आमच्याकडे येतो."

कुठलाही सभ्य माणूस इथे माफी मागतो. रास्तकोचा चेहरा मात्र हरवलेलं कुत्रं सापडल्यासारखा उजळला.

"म्हणजे... आहे तो?"

"आहे म्हणजे! कपाटातले ग्लास नाचताहेत."

"मी येऊन ऐकू का?"

नेवेनाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. तक्रार करायला गेल्यावर माणसं भांडतात, दार आपटतात, पोलिसांत ओळख असल्याचं सांगतात. स्वतःचा आवाज ऐकायला तुमच्या घरी येऊ का, असं अजून कोणी विचारलं नव्हतं.

"या," ती म्हणाली. "पण चपला बाहेर."

सप्टेंबर संपत आला की आमच्या नोवी सादमधल्या सगळ्या इमारतींना भाजक्या लाल मिरच्यांचा वास येतो. जिन्यात तो इतका दाट होता की पावाचा तुकडा हवेत फिरवला असता तरी जेवण झालं असतं. रास्तको तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. वरून, छतातून, खोल, गोल, मखमली... बास. त्याचा स्वतःचा. वाफाळत्या पातेल्याच्या आणि सोललेल्या मिरच्यांच्या मधोमध.

"किती सुंदर..." तो पुटपुटला.

"कोण?" नेवेनाची आई देसांका पातेल्यातला डाव न थांबवता म्हणाली.

"बास."

"तेच मी वर ओरडून सांगतेय केव्हाची!" देसांकाने कोपऱ्यातला झाडू उचलून छताला दोनदा हाणला. "बास! ...आणि बाळा, दार लाव आधी. प्रोमाया येतेय."

समोरासमोरच्या दोन फटींतून जो वारा सुटतो तो आमच्याकडे प्रोमाया. मानदुखी, दातदुखी, घटस्फोट आणि सरकारं पडणं, सगळ्याचं मूळ तीच. याबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं आहे म्हणतात, पण डॉक्टरसुद्धा स्वतःच्या घरी खिडकी लावूनच बसतात.

रास्तकोने दार लावलं. तेव्हा त्याला दिसली – भिंतीला टेकलेली, माणसाहून उंच, पोटाने रुंद, जाड तारांची बेर्दा, खालचे सूर धरणारं वाद्य.

"ही कोण वाजवतं?"

"मी," नेवेना म्हणाली. "तांबुराश मंडळात. शनिवारी लग्नं, मधल्या वारी रियाज. तेव्हा बासबद्दल मला शिकवायला जाऊ नका. तुम्ही काय करता?"

"डॅन्यूबची पातळी मोजतो. सरकारी कार्यालयात."

"आणि ती मोजल्याने कमी होते?"

"नाही. पण फुगल्याचं सगळ्यांना वेळेवर कळतं."

ती हसली. रास्तकोला वाटलं, पातळी जराशी चढली.

दुसऱ्या दिवशी ती वर आली. मागून चौकशीला देसांका, विणकामाची पिशवी काखेत धरून. सोफ्यावर बसून नेवेनाने अर्धं गाणं ऐकलं आणि रोगी बघितल्यासारखी मान हलवली.

"भिंतीला चिकटवलेत. कोपऱ्यात कोंबलेत. आणि सरळ लाकडी जमिनीवर. ती जमीन म्हणजे माझं छत, शेजारी. बास जड असतो, त्याला वाट मिळाली की तो खालीच उतरतो."

"मग वाट बंद करायची?"

"पायाखाली दगड घाला. जाड. दगडाखाली रबर."

"लवकर करायला हवं," रास्तको म्हणाला. "रविवारी सुबोतित्साहून एक गृहस्थ येणारेत. तोवर बास जमला नाही, तर स्पीकर त्यांना देऊन टाकायचं ठरलंय. शब्द दिलाय."

"रविवारी?" नेवेना म्हणाली, आणि तिने कॉफीचा कप उगाचच बशीत फिरवला.

देसांका डाव्या स्पीकरजवळच्या खुर्चीत बसून मोजे विणत होती. लाल-पांढऱ्या नक्षीचा एक मोजा विणून झाला होता, दुसऱ्याची नुसती कड दिसत होती. एकाएकी ती थबकली. मानेला हात लावला. खिडकी बघितली – बंद. दार बघितलं – बंद. मग तिने स्पीकरच्या पाठीमागे हात नेला. तिथे मुठीएवढं गोल भोक होतं आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला त्यातून वारा येत होता.

या भोकातूनच अशा स्पीकरचे सगळ्यात खालचे सूर बाहेर पडतात, हे रास्तको तिला सांगू शकला असता. पण त्या क्षणी तो नेवेनाला साखर किती, हे विचारत होता, आणि तिच्या उत्तराकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ बघत होता.

माय-लेकी गेल्या. रास्तकोने गाणं परत लावलं. डावी बाजू आता आजारीसुद्धा वाटेना, सरळ वारलेली वाटत होती. त्याने मागे हात घातला. भोकात लोकरीचा मोजा होता, घट्ट, काळजीपूर्वक, शेजारधर्माने कोंबलेला.

तो हसला. मोजा उपसायला बोटं घातली... आणि थांबला.

मोजा काढला, दगड आले, स्पीकर भिंतीपासून हलले, की बास येणार. बास आला की तक्रार संपणार. तक्रार संपली की तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर यायचं काही कारण उरत नाही. मोजा ठेवला, तर रविवारी स्पीकरच जाणार, आणि मग तर मुळीच नाही. पुरात दोन्ही काठ बुडतात तसं होतं हे. पूर आल्यावर काय करायचं याची त्याच्या कार्यालयात सविस्तर सूचना होती. पहिली ओळ होती – घाबरू नये, वरिष्ठांना कळवावे.

रास्तकोने कोणालाही कळवलं नाही. मोजा तसाच ठेवला.

दगड आले ते स्मशानाजवळच्या पाथरवटाकडून. त्याच्याकडे काळ्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे असतात. एकावर 'सदैव स्मर' इथवर कोरलेलं होतं. पुढचा दगड फुटला होता.

"हा उजव्याखाली," नेवेना म्हणाली. "डाव्याला आधीच काहीतरी झालंय."

रास्तकोने खोकला आल्याचं दाखवलं.

मग तिने तिचा खास उपाय काढला. "स्पीकर सोफ्यावर बसवायचा, तुमच्या जागी. आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे कानाला बास भरून येईल, तिथे स्पीकर ठेवायचा. साधा हिशोब आहे... तो तुमच्या जागी, तुम्ही त्याच्या."

"उजवा उचलू," रास्तको घाईने म्हणाला. "तो हलका आहे."

"दोघांचं वजन सारखंच असतं ना?"

"उजवा... मनाने हलका आहे."

उजवा स्पीकर सोफ्यावर चढला, एखाद्या जाड पाहुण्यासारखा उशीला टेकून बसला आणि गाऊ लागला. दोन मोठी, शिकलेली, कर भरणारी माणसं गालिच्यावर रांगू लागली.

"इथे काय?" तिचा आवाज टेबलाखालून.

"पोकळ. तुमच्याकडे?"

"इथे जरा आहे... नाही, गेला. मांजरासारखा आहे हो तुमचा बास, बोलावलं की पळतो."

"मी बोलावतच नाही. मी नुसता वाट बघतो."

"ते दिसतंय," ती म्हणाली. "फार वाट बघता तुम्ही, शेजारी."

ती डाव्या स्पीकरमागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"काय झालं?" रास्तकोचा आवाज जरा बारीक आला.

"काही नाही... धूळ."

ती बाहेर आली तेव्हा पुस्तकांच्या कपाटापाशी दोघांची नाकं समोरासमोर होती. तिच्या केसांत कोळिष्टक अडकलं होतं. बोटांना अजून मिरच्यांचा रंग होता. आणि अगदी तिथे, भिंतीपासून हातभर पुढे, बास होता – गुडघ्यांतून वर येणारा, छातीत जागा करणारा.

"इथे..." तो म्हणाला.

"हं. इथे."

दोघंही हलले नाहीत. जागा पक्की करून घेत होते, असं नंतर दोघांनी सांगितलं. तेवढ्यात खालून झाडू आदळला आणि देसांकाचा आवाज आला, "बास!"

"आई ऐकतेय," नेवेना कुजबुजली आणि कपडे झटकत उठली. "तुम्ही कॉफी ठेवा. मी खालून काहीतरी घेऊन येते."

ती आली तेव्हा हातात आयवारची बरणी होती. रास्तको चमचा शोधायला आत गेला, तो नेहमीप्रमाणे बराच वेळ सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी स्पीकर नव्या जागी, दगडांवर दिमाखात उभे होते आणि बास... होता त्याहून कमी. आता उजवा पण वारला होता. रास्तकोने तारा तपासल्या, जागा तपासली, 'सदैव स्मर'वर संशय घेतला. शेवटी आपल्या खोटेपणाची ही शिक्षा आहे असं ठरवलं आणि गप्प बसला. देसांका जिन्यात भेटली ती वेगळ्याच काळजीत होती.

"बाळा, माझा मोजा बघितलास का रे? एक मी... म्हणजे एक कामात आहे. दुसरा काल विणून संपवला, तोपण नाहीसा!"

"नाही, देसामावशी," रास्तको म्हणाला. दुसऱ्या मोज्यापुरतं हे खरं होतं.

शनिवारी दुपारी नेवेना आली ती लग्नात वाजवायला निघालेली – काळा पोशाख, ओठांना लाली. बेर्दा जिन्यात भिंतीला टेकवून आली होती.

"उद्या नेणार ना ते गृहस्थ?"

"नेतील."

"मग शेवटचं एकदा ऐकू."

दोघं सोफ्यावर बसले. स्पीकर पातळपणे गात राहिले. तिने मांडीवरचे हात बघितले, त्याने स्वतःचे.

"नेवेना, मला एक सांगायचंय," रास्तको म्हणाला. त्याने तिला नावाने हाक मारली होती, आतापर्यंत नुसती शेजारीणबाई होती ती. "डाव्या स्पीकरात... मागे... एक मोजा आहे."

"अस्सं?"

"तुमच्या आईंचा. त्यांना वारा लागला म्हणून त्यांनी घातला. मला त्याच संध्याकाळी सापडला."

"आणि काढला नाहीत."

"काढला असता, तर बास आला असता. आणि बास आला असता, तर तुम्ही... आला नसतात."

रास्तकोला वाटलं, आता ती उठेल, बेर्दा उचलेल, आणि उद्यापासून जिन्यात फक्त हवामानावर बोलेल. ती उठलीच. पण दाराकडे गेली नाही.

"उजव्यात बघितलंत?"

"उजव्यात काय बघायचं?"

"बघा तर."

तो गुडघ्यांवर बसला, उजव्या स्पीकरच्या पाठीत हात घातला. बोटांना लोकर लागली. बाहेर आला तो लाल-पांढऱ्या नक्षीचा मोजा, पहिल्याचा सख्खा जोडीदार.

"हा... देसामावशींनी?"

"आईला एवढी अक्कल नाही," नेवेना म्हणाली. तिचे कान मिरच्यांच्या रंगाचे झाले होते. "तुम्ही चमचा शोधत होतात तेव्हा. डावा बघितला होता मी रांगताना, आईची वीण मला कुठेही ओळखू येते. मला वाटलं, या माणसाला हा आज ना उद्या सापडणार. आणि सापडला की झालंच मग... म्हणून म्हटलं, दोन्हीकडे असू दे. शिवाय एकाच पायात मोजा बरा दिसत नाही."

रास्तको मोजा हातात धरून तसाच जमिनीवर बसून राहिला. मग हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत.

"हसतोस काय?" ती म्हणाली.

तो थांबला. तीही थांबली. असा शब्द आमच्याकडे सहज सुटत नाही. काही माणसं 'तुम्ही' म्हणत शेजारी जगतात आणि 'तुम्ही' म्हणतच एकमेकांच्या अंत्यविधीला जातात.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"तेच... हसतोस काय."

"हसतोस काय, वेड्या. ऊठ. दुसरापण काढ. आणि त्या सुबोतित्साच्या माणसाला कळव."

त्याने तिच्यासमोरच फोन लावला. "नमस्कार... हो, तेच स्पीकर. नाही, विकायचे नाहीत. बिघाड? बिघाड नव्हता हो. मोजे होते." पलीकडचे गृहस्थ 'बरं' म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सुबोतित्साची माणसं समजूतदार असतात.

मग त्याने डावा मोजा उपसला, दोन्ही एकमेकांत गुंडाळून जोडी तिच्या हातात दिली, आणि गाणं लावलं.

आला. जमिनीतून नाही, भिंतीतून नाही... दोन स्पीकरांच्या मधून, सोफ्यापर्यंत, सरळ आणि सावकाश, उन्हात तापलेल्या नदीसारखा. नेवेनाने डोळे मिटले. तिचा हात मोज्यांसकट त्याच्या हातात होता, आणि बेर्दा वाजवून निबर झालेली बोटं त्याच्या तळव्यावर हळूच ताल धरत होती.

जिन्यातून कोणीतरी हाक मारली की लग्नाची गाडी खाली उभी आहे. कोणी उठलं नाही. रास्तकोने हात पुढे करून आवाज थोडा वाढवला.

खाली ग्लास नाचायला लागले. झाडू छतावर आदळला, एकदा, पुन्हा एकदा, आणि तिसऱ्या मजल्यावरून देसांकाचा खणखणीत आवाज आला –

"बास!"

नेवेना डोळे न उघडता जमिनीकडे वाकली.

"हो, आई!" ती ओरडली. "आला!"