चेन्नईत राहिलेलं हसू

गुणवंतराव मला कशानेच हाक मारत नाहीत, हे माझं गाऱ्हाणं. अख्खं वडसा गाव मला ठमाबाई म्हणतं. माझ्याहून वयानं मोठी माणसंही ताई म्हणतात. आणि हा माणूस दुकानाच्या पायरीशी उभा राहणार, खाकरणार, नि म्हणणार, "अहो... आहा का जी?"

अहो! विधवा बाईला कोणी असं बोलावतं? शेजारी पानठेला आहे, तिथे चारचौघांचे कान इकडेच असतात. माझ्या छातीत धडधड सुरू होते, ती हा माणूस चहा पिऊन जाईपर्यंत थांबत नाही. गेल्यावरही लवकर थांबत नाही — पण ते वेगळं.

ओळख झाली ती रेशनकार्डाच्या फोटोपायी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ. मला स्टुलावर बसवलं, मान सरळ करवली — हात न लावता, नुसत्या बोटाच्या खुणेनं — आणि म्हणाले, "थोडं हसा जी."

"काऊन? हसल्यावर साखर जास्त देते का रेशनवाला?"

कॅमेऱ्यामागे तेच हसले. हात हलला, फोटो बिघडला. पुन्हा काढला, तोही हलला. मग मी म्हटलं, "तुमाले धंदा येते का नुसतं माणसाले बसवून पाहाले येते?"

त्यांचे कान लाल झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, केस पिकलेला माणूस... आणि कान लाल! घरी येईपर्यंत मला भीती वाटत राहिली. कशाची, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

पुढे ज्याच्या-त्याच्या मोबाइलात कॅमेरा आला, स्टुडिओ ओस पडला, आणि गुणवंतराव नागपूरला जाऊन वेबसाइट बनवायला शिकून आले. माझं कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, साड्यांचं दुकान. आरमोरीकडच्या विणकरांचा माल. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण कोसा मी डोळे मिटून ओळखते. माझा मुलगा प्रफुल पुण्याला नोकरीत आहे. तो म्हणाला, आई, दुकान इंटरनेटवर टाक. टाकलं. गुणवंतरावांनीच टाकून दिलं.

पण साडीचा फोटो उघडायचा कसा? आधी पदर, मग तुम्ही चहा पिऊन या, मग काठ. गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं.

"आपली वेबसाइट ज्या मशीनवर आहे, ते मशीन अमेरिकेत आहे," गुणवंतराव म्हणाले. "हर फोटो तिथून येते. आता नवी सोय आहे. मुंबई, चेन्नई, सिंगापूर, जागोजागी मशिनी. त्या आपल्या फोटोची नक्कल स्वतःजवळ ठेवतात. गिऱ्हाइकाले जी जवळ पडते, ती दाखवते."

"म्हणजे गावोगावच्या सोयऱ्याकडे नमुन्याचं गाठोडं ठेवल्यासारखं."

"तसंच जी."

"अन् सोयरा गाठोडं वापस नाई देत म्हणला तं?"

ते हसले. मला हसू आलं नाही. आपली वस्तू परक्या गावात ठेवायची म्हणजे तिच्यावर आपला हक्क तो किती उरणार?

पण साड्या झपकन उघडू लागल्या, हे खरं. मागणी वाढली, हाताखाली एक पोरगी ठेवली. नव्या मालाचे फोटो काढायचे ठरले. थंडीचे दिवस. कोवळं ऊन दुकानाच्या आतपर्यंत आलेलं, मागच्या भातगिरणीचा बारीक कोंडा त्या उन्हात तरंगत होता. कोसा अंगावर कसा पडतो ते दिसावं म्हणून मी पदर खांद्यावर घेतला.

"जरा इकडे पाहा," गुणवंतराव म्हणाले.

"तुमी साडीकडे पाहा."

"साडीकडेच पाहून राह्यलो होतो जी... मंग तुमी रागावल्या. अन् विसरलो."

मला हसू फुटलं. आवरेना. डोळे बारीक, दात उघडे, पदर घसरलेला — आणि खट्कन आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी पाहते तर साड्यांच्या रांगेत मी! सगळे फोटो एकदम चढवताना तोही गेलेला. कोणतीही बाई साडीकडे पाहून असं हसत नाही. समोर कोणीतरी आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

आणि प्रफुलला तर कळणारच. गेल्या दिवाळीत कोणीतरी त्याच्या कानाला लागलं होतं. तेव्हा तो मला म्हणाला होता, "आई, बाबाच्या जागी कोणाले आणशील, तं मी या घरात पाय नाई ठेवणार." एकच लेकरू माझं. त्या दिवसापासून मी गुणवंतरावांच्या चहात साखर घालतानाही दाराकडे पाहत असे.

"काढा ते! आत्ताच्या आत्ता!"

काढला. फोटो पडद्यावरून गेला. मी श्वास सोडला... तोच फोन वाजला. चेन्नईहून कोणी बाई, तुटक्या हिंदीत — "वो हँसने वाली औरत की साड़ी चाहिए."

मी गुणवंतरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मूळ जागेवरून काढला मी," ते हळूच म्हणाले, "पण नकला ठेवणाऱ्या मशिनींना सांगाचं राहून गेलं. मुदत सरेपर्यंत त्या जुनंच दाखवतात. हे दुकानातलं कॉम्प्युटर थेट मूळ जागेचं दाखवते, म्हणून आपल्याले समजलं नाई."

"मंग... पुण्यात?"

ते खाली पाहत राहिले. "पुण्यात दिसत असन जी."

तेवढ्यात पुन्हा फोन. प्रफुल.

"आई, हा फोटो कोणी काढला?"

गुणवंतराव समोरच्या बाकावर बसलेले. एकटक माझ्याकडे पाहत होते.

"कोणी नाई रे... दुकानातल्या पोरीनं काढला."

"बरं," म्हणून त्यानं ठेवला.

गुणवंतराव कॉम्प्युटरकडे वळले, चार कळा दाबल्या. "झालं. सगळ्या मशिनींना सांगितलं. आता कुठीच नाई तो फोटो. तुमाले कोणी काई इचारणार नाई." कॅमेरा पिशवीत घातला, चपला पायांत सरकवल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. ती पाठ दाराकडे निघाली, आणि मला भीती वाटली — पोराच्या भीतीहून मोठी. ही पाठ पुन्हा या पायरीवर यायची नाही, याची.

मी नंबर लावला.

"प्रफुल... फोटो गुणवंतरावनं काढला. मी त्यायच्याकडे पाहून हसली. खोटं बोलली होती तुह्याशी."

गिरणीचा पट्टा तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "रविवारी येतो." आणि फोन बंद. रागानं म्हणाला की कसं, काही उमगलं नाही.

गुणवंतराव उंबऱ्यातच थबकले होते. कान लाल.

"पिशवी खाली ठेवा," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "माणूस तुमी चांगले आहा गुणवंतराव, पण भेकड आहा. मी खोटं बोलली, अन् तुमी गपगुमान पुसून निघाले. भांडाचं तं होतं माझ्यासंग! प्रफुल जेवाले येते का नातं तोडाले येते, मले माईत नाई. मलेबी भेव लागून राह्यलं आहे. म्हणून आयका. रविवारी इस्तरीचा सदरा घालून याचं. गिऱ्हाइकावानी समोर नाई, माझ्या बाजूनं बसाचं. तो बोलन तं आयकून घ्याचं, पण उठाचं नाई. मी तुमाले पसंत केलं आहे, आता मांगं सराचं काम नाई."