तारीख दोन जून

माझी बायको गेली हे मला अठरा जूनला दुपारी बारा पंचविसला कळलं.

ती नक्की कधी गेली, ते कळायला आणखी दीड महिना लागला. ते ज्या तऱ्हेने कळलं, त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी पदरचं काही घातलेलं नाही, एवढंच सांगतो.

घराच्या खालीच आमचं दोन खोल्यांचं वर्कशॉप आहे. पुढच्या खोलीत मी लिफ्टचे जुने कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. मागच्या खोलीत ती कॉम्प्युटरवर सर्किटची ड्रॉइंग काढायची. मधलं दार आपटू नये म्हणून खाली एक जळका ट्रान्सफॉर्मर टेकवलेला असतो.

त्या दिवशी तिने मागून हाक मारली.

"अहो, जरा येता का?"

आवाजात घाई नव्हती. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकरा चाळीस. साडेबाराला माणूस बोर्ड न्यायला येणार होता आणि माझ्या हातात गरम सोल्डरिंग आयर्न होती.

"आलो, दोन मिनिटं," मी म्हणालो.

माझ्या दोन मिनिटांवरून ती मला कायम चिडवायची. बोहल्यावरसुद्धा दोन मिनिटं म्हणून अर्धा तास उभं केलंत, म्हणायची. त्या दिवशी मी पंचेचाळीस मिनिटं लावली. तेही तिच्यासाठी उठलो नाही. एका रेझिस्टरची व्हॅल्यू विचारायला गेलो.

तिचं डोकं कीबोर्डवर होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एका क्षणात गेल्या, त्यांना कळलंही नसेल. माझी मुलगी त्या एका वाक्याच्या आधाराने उभी राहिली. भेटायला येईल त्याला सांगायची, आईला त्रास नाही झाला.

हाकेचं मी कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही.

जुलैत लिफ्टवाला आला. आमचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाचा फटकळ. एका पाच मजली इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती आणि तिचं ड्रॉइंग आमच्याकडे अर्धवट पडलं होतं.

"वहिनी गेल्या वर," तो म्हणाला, "आणि माझी लिफ्ट अजून खालीच."

मग स्वतःच हसला. मी कॉम्प्युटर लावला.

सॉफ्टवेअर उघडेना. लायसन्सची मुदत तीस जूनला संपली होती. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली, नवीन लायसन्स देणार कोण?

रविवारी मुलगी आली. तिने लायसन्सची फाइल उघडून दाखवली. त्यात साधा मजकूर होता. कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डचा नंबर, शेवटची तारीख आणि खाली अक्षरांची एक लांबलचक ओळ. तारखेतला एक आकडा बदलला तरी ती ओळ जुळत नाही, म्हणाली.

"फाइलला हात नको लावायला. कॉम्प्युटरलाच फसवू."

तिने तारीख मागे नेली. तरी चालेना. घड्याळ मागे केलंय, असा मेसेज. नंतरच्या तारखांच्या फाइली त्याला डिस्कवर दिसत होत्या. मग तिने ड्रॉइंग पेनड्राइव्हवर काढून घेतली, सगळी डिस्क पुसली आणि तिच्या आईने दोन जूनला घेतलेला बॅकअप परत चढवला. इंटरनेटची केबल काढली. तारीख लावली दोन जून.

उघडलं.

"तीस तारखेपर्यंत चालेल, बाबा. संपलं की परत हेच सगळं करायचं. केबल लावू नका, लावली की तारीख आपोआप सरळ होते."

जाताना तिने नोंदींची फाइल दाखवली. पाच मिनिटं माऊसला हात लागला नाही की लायसन्स परत जातं. हात लागला की पुन्हा घेतलं जातं. दोन्हींची वेळ तिथे आपोआप लिहिली जाते.

मी रोज सकाळी थोडं थोडं ड्रॉइंग काढू लागलो. नंतर पुढच्या खोलीत माझं काम.

तिसऱ्या दिवशी मागून आवाज आला...

टक. टक.

सेव्ह करण्याआधी पेन टेबलावर दोनदा आपटायची तिला सवय होती.

मी जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. पेन जागेवर. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. पुढे रोज तो आवाज यायचा आणि मी रोज त्याची वाट बघायचो.

त्या कॉम्प्युटरवर अठरा तारीख कधी लागली, माझं लक्षच नव्हतं.

मी बोर्डवर वाकलो होतो...

"अहो, जरा येता का?"

घड्याळात अकरा चाळीस.

मी उठलो नाही. या वेळी कामामुळे नाही, भीतीने. आयर्न हातात धरून नुसता बसून राहिलो. बारा पंचविसला आत गेलो. खुर्ची रिकामी होती.

मी नोंदींची फाइल उघडली. सकाळी दहानंतर मी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

अकरा चाळीस, घेतलं. अकरा पंचेचाळीस, परत. अकरा एक्कावन्न, घेतलं. अकरा छप्पन्न, परत. बारा दोन, घेतलं. बारा सात, परत. बारा तेरा, घेतलं. बारा अठरा, परत.

पुढे काही नाही.

म्हणजे बारा तेराला तिचा हात हलत होता. मी आठ पावलांवर होतो.

खऱ्या अठरा जूनला फाइलमध्ये हेच लिहिलं गेलं होतं का? बघायला ती फाइल राहिली नाही. डिस्क आम्हीच पुसली.

तीस तारीख उलटली. मी परत बॅकअप चढवला. परत दोन जून. या वेळी अठराला सकाळपासून मागच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसलो. अकरा चाळीस झाले. बारा झाले. हाक नाही. फाइल कोरी.

मी पुढे बसलेला असल्याशिवाय ती हाक मारत नाही.

म्हणून तिसऱ्या फेरीला पुढे बसलो. आयर्न बंद. दारातला ट्रान्सफॉर्मर बाजूला केलेला. हाक आली तसा धावलो. दोन मिनिटं काय, पाच सेकंदही लावले नाहीत.

खुर्ची रिकामी.

"आलोय गं मी. बोल."

काही नाही. आणि मग पुढच्या खोलीतून, मी आत्ताच उठून आलो होतो तिथून, आवाज आला...

"आलो, दोन मिनिटं."

माझाच आवाज.

मी तिथेच उभा राहिलो. अकरा एक्कावन्नला स्क्रीनवरचा बाण थरथरला आणि थांबला. मी तिला सांगत होतो, मी इथे आहे, इथेच आहे. बारा दोनला बाण परत हलला, पहिल्यापेक्षा कमी. पुढे कुणीतरी बोर्डवर फुंकर मारत होतं. माझी ती सवय आहे. मी दारात जाऊन ओरडलो, ऊठ, आत ये. फुंकर थांबली नाही.

बारा तेराला बाण जेमतेम हलला.

लिफ्टवाल्याचं ड्रॉइंग त्याच फेरीत पूर्ण झालं. तो घेऊन गेला. त्या सॉफ्टवेअरचं आता मला काही काम नाही. मुलगी म्हणते, बाबा, केबल लावा आणि तो डबा भंगारात द्या.

मी ते करत नाही. सतरा तारीख आली की बॅकअप चढवतो आणि परत दोन जून लावतो. पंधरा दिवस ती पेन आपटते. हाक मारायची वेळ तिच्यावर येत नाही. काल मात्र सोळा तारखेलाच, पेनचा आवाज झाल्यावर, मागची खुर्ची सरकल्यासारखी वाटली...

आज तिथे सतरा तारीख आहे. संध्याकाळ होत आली. बॅकअप अजून चढवलेला नाही.

मुलगी काल फोनवर परत म्हणाली, आईला त्रास नाही झाला, तेवढंच एक समाधान.

मी हं म्हणालो. तिला अजून सांगितलेलं नाही.