नाही म्हणणाऱ्याने हॉल झाडायचा

चष्म्याची काडी निखळली म्हणून तो आमच्या दुकानात आला आणि आल्या आल्या भिंतीवरच्या मोठ्या आरशावर जाऊन आदळला. वर आरशातल्या माणसाला म्हणाला, "सॉरी हं!" गिऱ्हाइकाला हसू नये, हे मला कळतं. पण हसले. फस्सकन हसले.

"हसा, हसा. आमच्यासारख्या आंधळ्यांवरच तर तुमचं दुकान चालतं."

"बसा. आणि दार मागे राहिलं, तो आरसा आहे."

"तरीच म्हटलं, समोरचा इतका देखणा माणूस बाजूला का होत नाही!"

मी चिमट्याने स्क्रू उचलला. काडीचा स्क्रू मुंगीएवढा असतो, बसवताना श्वास रोखावा लागतो. आणि हा बाबा काउंटरवर कोपरं टेकून, वीतभर अंतरावरून माझ्या बोटांकडे टक लावून बसलेला. स्क्रू दोनदा पडला. एरवी माझ्या हातून पडत नाही.

"लवकर करा डॉक्टरीणबाई, सहाला प्रयोग आहे."

"मी डॉक्टर नाही. मी नुसता नंबर काढते."

"मग द्या की नंबर..."

"उणे साडेचार," मी चष्मा त्याच्या नाकावर चढवत म्हटलं. "दोन्ही डोळे."

त्या दिवसापासून मी त्याची 'नंबरवाली' झाले.

संध्याकाळी प्रयोगाला गेले, उगाचच. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर हॉल, घडीच्या साठ खुर्च्या, करकरणारा पंखा. तिथे ही मंडळी दर शनिवारी आयत्या वेळचं नाटक करायची. पाठांतर नाही, लिहिलेलं काही नाही. प्रेक्षकांतून कुणी एक शब्द ओरडायचा, आणि त्यावर उभ्या उभ्या नाटक रचायचं. म्होरके होते मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी. त्यांचे नियम दोनच. समोरच्याने काहीही म्हटलं तरी 'नाही' म्हणायचं नाही. तो म्हणाला तू माझी सासू, की तू सासू. 'नाही' म्हणेल त्याने प्रयोगानंतर अख्खा हॉल झाडायचा. आणि दुसरा, स्टेजवर जे बोललं गेलं ते सगळ्यांचं, त्यावर नंतर कुणी हक्क सांगायचा नाही.

त्याच्या जोडीदारणीला त्या दिवशी ताप होता. त्याने चष्मा काढून ठेवला (स्टेजवर तो कधी चष्मा घालायचा नाही, पहिल्या रांगेपलीकडे त्याला धूसर धूसर दिसायचं आणि म्हणे त्यामुळे भीती वाटायची नाही) आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे सरळ बोट दाखवलं.

"ही माझी बायको. आजच माहेरून परत आली आहे."

पळून जावंसं वाटलं. पण तोंडातून आलं, "हो. आणि येताना आईलाही घेऊन आलेय. कायमची."

काय हसले लोक! आणि तो... तो हसला नाही, नुसता बघत राहिला. एवढं जवळचं त्याला दिसत होतं.

पुढची दोन वर्षं माझे सगळे शनिवार तिथेच गेले. स्टेजवर अकरा वेळा आमचं लग्न झालं, सहा वेळा काडीमोड झाला, एकदा मी त्याची बारावीत नापास झालेली मुलगीसुद्धा होते. स्टेजबाहेर मात्र साहेबांनी एकदाही काही विचारलं नाही. चहा पाजायचा, घरापर्यंत सोडायचा, फाटकाशी घुटमळायचा. "बरं मग..." म्हणायचा. मीही "बरं मग" म्हणायचे. आई खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "हा चष्मेवाला बोलतो तरी का गं कधी?"

"स्टेजवर बोलतो."

"मग लग्न स्टेजशीच करणार का तो?"

शेवटी मीच बोलले. प्रयोग संपला होता, हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही दोघंच. पाऊस भुरभुरत होता, छत्री त्याच्या हातात, आणि तीही माझ्याकडे कललेली. त्याचा डावा खांदा भिजत होता. मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्या बाहीचं बटण धरलं आणि म्हणाले,

"तू आलास की मला बोलायची घाई होते. तू गेलास की बोलायचं राहिलेलं सगळं आठवतं. म्हणून तू जाऊच नकोस. सोपं आहे."

आयुष्यात एवढं खरं मी कुणाशी बोलले नव्हते. कानशिलं तापली होती. तो हसला आणि म्हणाला, "वा! हे वापरायला हवं कुठेतरी!"

मला वाटलं, लाजला. विनोदी माणूस आहे, लाजला की विनोद करणारच. वेडी मी! त्या रात्री घरी जाऊन आरशात बघून हसत बसले.

पुढच्याच आठवड्यात तो मालिकेच्या ऑडिशनला गेला आणि निवडला गेला. नायक! रोज संध्याकाळी सात वाजता! पेढे मी वाटले, दुकानात आणि शेजारीपाजारी. त्याने लेन्स लावून घेतल्या, त्याही मीच बसवल्या. त्याची हनुवटी धरून, पापणी वर करून. "आता लांबचं सगळं दिसेल," मी म्हटलं. "जवळच्याकडे दुर्लक्ष करू नकोस." तो म्हणाला, "येडी आहेस का?" त्याचे शनिवार त्यानंतर शूटिंगला गेले. आधी रोज फोन, मग दिवसाआड, मग मेसेज.

आई मात्र मालिकेच्या प्रेमात. सात वाजले की कुकरची शिट्टीसुद्धा तिला खपायची नाही. असाच एक दिवस. मालिकेतला तो, मालिकेतल्या तिच्यासमोर उभा. गोरीपान, लांब केस, डोळ्यांत पाणी. त्याने तिच्या बाहीचं बटण धरलं.

माझ्या हातात कपड्यांच्या घड्या होत्या.

"तू आलीस की मला बोलायची घाई होते," तो म्हणाला. "तू गेलीस की बोलायचं राहिलेलं सगळं आठवतं. म्हणून तू जाऊच नकोस. सोपं आहे."

आईने पदराने डोळे पुसले. "किती गोड बोलतो गं! मनातलं बोलतो अगदी."

"हो," मी म्हटलं. "मनातलंच आहे ते." आणि उठून मोरीत जाऊन नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी फोन केला.

"बघितलास ना कालचा भाग?" तो खुशीत होता. "लोक वेडे झालेत!"

"ते माझं होतं."

"अगं हो ना! ऑडिशनला म्हणाले, काहीतरी उत्स्फूर्त बोलून दाखवा. तेच बोललो. लेखकाला इतकं आवडलं, की ठेवूनच दिलं त्यांनी. त्याच्यामुळेच तर काम मिळालं. तुला आनंद नाही झाला?"

"मी ते तुला सांगितलं होतं रे."

"हो, सीनमध्ये..."

"सीनमध्ये नाही. मागच्या पायऱ्यांवर. पाऊस होता. तुझा खांदा भिजत होता."

पलीकडे कुणीतरी त्याला मेकअपला हाक मारली. तो गेला नाही. मग हळूच म्हणाला, "अगं... मला वाटलं, तू सराव करतेयस."

खोटं बोलत नव्हता. त्याचं खोटं मला ओळखता येतं. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. चोरलं असतं तर भांडले असते, चार शिव्या घातल्या असत्या. याला तर कळलंच नव्हतं की काही घेतलंय!

ठीक आहे, म्हटलं. आता कळलंय ना? आता बोलेल. एक वाक्य, त्याचं स्वतःचं, माझ्यासाठी. कसलंही चाललं असतं मला. तीन महिने मी त्या एका वाक्याची वाट बघितली. या तीन महिन्यांत गावभर ते बोलणं पसरलं. 'सोपं आहे' छापलेले टी-शर्ट आले. दुकानात एक कॉलेजकुमार फ्रेम उचलून म्हणाला, "हीच घेतो. सोपं आहे!" मी त्याला बिल दिलं आणि आत जाऊन पाणी प्यायले. आमच्या नायकाकडून मात्र काही आलं नाही.

मग मास्तरांचा निरोप आला. शनिवारी तो येतोय, वाहिनीवाले कॅमेरा आणणार आहेत, त्याची सुरुवात जिथे झाली ते दाखवायला. "तू हवीसच, पोरी."

गेले. नवा ड्रेस घालून गेले, खोटं कशाला बोलू. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. त्याने आल्या आल्या मला शोधलं. आता शेवटच्या रांगेतलंही दिसत होतं ना त्याला! कुणीतरी शब्द ओरडला, "लग्न!" आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, पहिल्या दिवसासारखं.

स्टेजवर गेले. त्याने माझ्या बाहीचं बटण धरलं. माझा जीव नुसता कानात गोळा झाला. बोल बाबा, म्हटलं, आता तरी बोल.

"तू आलीस की मला बोलायची घाई होते..."

अख्खा हॉल त्याच्याबरोबर बोलायला लागला. "सोपं आहे!" तर छप्पर उडेल इतक्या मोठ्याने. टाळ्या, शिट्ट्या. मग त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?"

त्याचे डोळे भरले होते. खरेच भरले होते, लेन्स हललेली मला दिसली.

"नाही," मी म्हटलं.

पंख्याची करकर ऐकू आली. मास्तरांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही.

"आता तू बोल," मी हळू म्हणाले. "तुझं काहीतरी. आज उकडतंय म्हणालास तरी चालेल मला."

त्याने तोंड उघडलं. आणि मान वळवून कॅमेऱ्याच्या डावीकडे बघितलं. मालिकेच्या सेटवर तिथे प्रॉम्प्टर उभा असतो, वाक्यं सांगणारा. एकदा शूटिंग बघायला गेले होते, तेव्हा पाहिलं होतं. इथे त्या जागी नुसती भिंत होती. तो भिंतीकडे बघतच राहिला. दोन वर्षं माझ्याबरोबर कुठल्याही शब्दावर तासभर बोलणारा माणूस!

कॅमेऱ्यामागचे गृहस्थ पुढे आले. "ताई, छान झालं हं! फक्त एकदा परत घेऊ. या वेळी 'हो' म्हणा."

"परत नाही होत इथे," मी म्हटलं आणि खाली उतरले.

आठ वाजेपर्यंत हॉल रिकामा झाला. मी कोपऱ्यातला झाडू घेतला. मास्तर म्हणाले, "राहू दे गं आज."

"नियम आहे मास्तर."

तो स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला होता. खाली त्याची गाडी हॉर्न वाजवत होती.

"खरंच विचारलं होतं मी," तो म्हणाला.

"माहितेय."

"मग?"

"माझंच बोलणं मला किती वेळा ऐकवशील रे? माझं प्रेम आहे तुझ्यावर. अजून आहे, मेलं जातच नाही. पण दोन्ही बाजूंनी मीच किती बोलू?"

तो काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. अजूनही थांबले, बघा! हॉर्न पुन्हा वाजला.

"बरं मग..." तो म्हणाला.

"पाय उचल," मी म्हटलं.

त्याने पाय उचलले. मी खालून झाडू फिरवला. मग तो उतरला, जिना उतरून गेला, गाडीचं दार लागलेलं ऐकू आलं. मी साठच्या साठ खुर्च्यांखालून झाडलं, सावकाश. झाडताना रडायला बरं पडतं. मान खालीच असते.