पोर्ट म्हटलं की बाबूर

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. भुताच्या गोष्टी मला आवडत नाहीत. ही तर मुळीच नाही, कारण हिच्यात मी स्वतः आहे. ज्याला थाप वाटेल त्यानं ब्रह्मपुरीला यावं आणि हाजराचाचीचं घर विचारावं.

तारीख पक्की आठवते. १९ डिसेंबर २०२३, मंगळवार. रात्र वगैरे नव्हती. दुपारचे दोन, लख्ख ऊन.

मी अमर. आम्ही ढिवर, पिढीजात मासेमार. ब्रह्मपुरीपासून नऊ किलोमीटरवर आमचं गाव. गावाला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आणि त्यात माझ्या वडिलांचा, डोमाचा, डोंगा, म्हणजे छोटी लाकडी होडी.

तौसीफ माझा आयटीआयचा दोस्त. हाजराचाची त्याची आई, गोधड्या शिवते. वडील नाहीत.

आम्हा दोघांना एकच वेड होतं. जहाज!

नॉर्वेच्या एका मासे नेणाऱ्या बोटीवर खलाशी हवे होते. नोकरी लावणारा एजंट म्हणाला, इंग्रजी शब्द तर हवेतच, पण म्हातारा कप्तान घाईत आपल्याच भाषेत ओरडतो, तेही पाठ करा. मग आम्ही वही केली. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला नॉर्वेजियन. अँकर म्हणजे आंकर, हे सोपं. रडर म्हणजे सुकाणू, ते रूर. पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू, ती बाबूर. स्टारबोर्ड म्हणजे उजवी, ती स्टीरबूर.

आठ महिने रोज दुपारी सराव केला. तौसीफ काठावरून इंग्रजी शब्द ओरडायचा. मी डोंग्यातून नॉर्वेजियन ओरडून वल्हं मारायचो. मग अदलाबदल. त्याला पोहताही येत नव्हतं, ते मीच शिकवलं.

जहाजावर नियमच आहे. ऑर्डर ऐकली की मोठ्यानं परत बोलायची. नाही बोललात, तर ऐकलीच नाही असं धरतात.

आमच्या तलावाचा नियम बरोबर उलटा.

"पान्यावर कोणी आवाज देल्ला आन् तोंड दिसलं नाई, त ओ द्याची नाई," वडील लहानपणापासून सांगायचे. "पह्यले माणूस पाहा, मंग बोल."

का, असं विचारलं की ते बिडी पेटवायचे.

हे मी तौसीफला कधी सांगितलं नाही. तो हसला असता.

ठरलं होतं, जायचं तर दोघांनी. नाहीतर कोणीच नाही. हाजराचाचीसमोर बसून तो हे बोलला होता.

ऑगस्टमध्ये तो एकटाच गेला.

मला निरोपसुद्धा नाही. मी एजंटला फोन लावला.

"तुमच्या मित्रानंच सांगितलं ना, तुम्हाला मिरगी येते म्हणून," तो म्हणाला. "असा माणूस बोटीवर कसा घेणार?"

मला आयुष्यात एकदाही मिरगी आलेली नाही.

जागा एकच होती, हे नंतर कळलं. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, तू जा बे, तुझ्या घरी जास्त गरज आहे. पण त्यानं विचारलं नाही. मिरगीची बातमी गावात पसरली. माझी जवळपास ठरलेली सोयरीक मोडली. मी महिनाभर कोणाशी बोललो नाही. भावासारखा होता तो, म्हणून जास्त लागलं.

तर त्या मंगळवारी मी एकटा डोंग्यात जाळं ओढत होतो. पलीकडच्या शेतात धानाची मळणी चालू होती. मशीनचा घरघर आवाज येत होता.

एकदम बगळे उडाले.

मशीनचा आवाज थांबला...

पाखरं गप्प झाली...

"पोर्ट..."

"बाबूर!" माझ्या तोंडून निघून गेलं. वल्हं चाललं. डोंगा डावीकडे वळलासुद्धा.

कोणी माझं नाव घेतलं असतं तर मी सावध झालो असतो. पण याला ओ देणं म्हणतात, हे डोक्यातच आलं नाही.

आवाज तौसीफचा होता. मी काठाकडे पाहिलं. काठ रिकामा.

आणि आवाज काठावरून आलाच नव्हता. तो आला होता डोंग्याच्या खालून... पाण्यातून.

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. म्हटलं, आला लेकाचा माफी मागायला.

मग डोंग्याची डावी कड खाली गेली. कोणी हात टाकून वर चढावं, तशी. भसाभस पाणी आत आलं. मी उजवीकडे उडी मारली आणि मागं न बघता काठ गाठला.

वडिलांनी माझे ओले कपडे पाहिले.

"ओ देल्ली तू?"

"हो."

"कितीदा?"

"एकदा."

"मंग वाचला. दुसऱ्या खेपी देऊ नको. दुसरी ओ देल्ली का तो सोडत नाई."

"कोण, बाबा?"

"ज्याचा आवाज असते तो नसते. एवढंच मले मालूम."

मी हाजराचाचीला फोन केला. तौसीफ सुखरूप होता. त्याच सकाळी तिच्याशी बोलला होता.

त्यानंतर रोज दुपारी तो आवाज यायचा. मी दात दाबून जाळं ओढायचो.

दहा दिवसांनी तौसीफचा व्हॉट्सॲप कॉल आला. गेल्यापासून पहिलाच.

"अमर, एक विचारू? हासजो नको."

"बोल."

"मी रेलिंगजवळ उभा राह्यलो का खालून तुया आवाज येते बे. स्टारबोर्ड म्हणते. एकदा मी आदतीनं बोलून गेलो, स्टीरबूर. तसाच पाय घसरला, थोडक्यात वाचलो. आता रोज येऊन राह्यला. काय करू?"

त्याची एक ओ देऊन झाली होती.

सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. पण मी थांबलो. मला त्याच्याकडून आधी एक शब्द हवा होता.

"एजंटले माया मिरगीचं कोणं सांगितलं, तौसीफ?"



"जुनं काहाले काढतं बे," तो म्हणाला. "तुयं बी काम लागून जाईन कुठीतरी."

बस, एवढंच. माझं डोकं सणकलं.

"मीच होय तो," मी म्हणालो. "तुयी आठोण येते त तलावावर सराव करतो. डरू नको. ओ देत जा."

चौथ्या दिवशी बातमी आली. समुद्र शांत होता. सोबतच्यांनी सांगितलं, तो रेलिंगजवळ उभा होता, हसला, मोठ्यानं काहीतरी बोलला आणि खाली गेला. त्यांनी तासन् तास शोधलं. काही मिळालं नाही.

तेव्हापासून आमचा तलाव गप्प आहे. ते काय होतं, कुठून आलं, मला माहीत नाही. वडील आता त्या विषयावर तोंड उघडत नाहीत.

गेल्या ईदला हाजराचाचीनं मला घरी बोलावलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली,

"बेटा, त्यानं तुयासंग दगा केला, हे त्यानं मले शेवटच्या फोनवर सांगितलं. लय रडला. म्हणे, अम्मी, तरी अमर मले डरू नको म्हणते. फोनवर माफी मांगाले जीभ नाई उचलली. घरी आलो का पह्यले त्याच्या पाया पडतो."

तिनं ताट वाढलं, मी जेवलो.

आता ती मला दर शुक्रवारी बोलावते. मला बेटा म्हणते. मी जातो, कारण न जायची हिंमत माझ्यात नाही.