खांबावरचा आणि चिखलातला

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला मी हार्लो बेंड या आमच्या गावाचा सायरन वाजवून बघतो. वादळाचा इशारा देणारा, बंबखान्यामागच्या खांबावर बसवलेला. एकवीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. त्या नोव्हेंबरात बटण दाबलं तर वरून नुसती खरखर आली, मग जळका वास. बेअरिंग गेलं होतं. मी मोटर उतरवली, ताडपत्रीत गुंडाळून पिकअपमध्ये टाकली आणि कॅफेच्या दारावर चिठ्ठी लावली: ‘शुक्रवारपर्यंत सायरन बंद. रेडिओ चालू ठेवा. – डेलमर स्टब्स.’

आर्कान्सासच्या आमच्या टोकाला जुलैपासून थेंब पडला नव्हता. नदीनं कधीकाळी सोडून दिलेल्या वळणाचं गावामागचं तळं पार आटलं होतं. डॉ. रोझलिन फिच विद्यापीठातून तिथे आल्या होत्या त्या एका प्राण्याच्या शोधात. त्याचंही नाव सायरन.

“ईल माशासारखा, सापागत लांब,” त्यांनी सांगितलं. “पुढे दोन पाय, मागे एकही नाही. पाणी आटलं की चिखलात शिरतो, स्वतःच्याच चिकट स्रावाची पिशवी अंगाभोवती वाळवतो आणि वाट बघतो. महिनोन्‌महिने.”

“आणि हे नाव?”

“जुन्या ग्रीक गोष्टींतल्या बायकांवरून. त्या खडकावर बसून गायच्या. खलाशी आवाजामागे जायचे आणि बुडायचे.”

“म्हणजे त्या मरणाकडे बोलवायच्या, आणि माझा खांबावरचा मरणापासून पळवतो. या शब्दानं एकदा काय ते ठरवून टाकावं.”

“चिखलातल्याला विचारू,” त्या हसून म्हणाल्या. “सापडला तर.”

सापडला तो माझ्या बहिणीला. ओलीटा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सात महिन्यांची असताना मेंदूज्वरानं तिचे दोन्ही कान गेले. आमचं बोलणं हातांनी चालतं. त्या तळ्यावर मासे धरण्यात तिचा जन्म गेलेला. त्याच बुधवारी दुपारी ती भेगाळलेल्या तळावर गुडघ्यांवर बसली, तळवे टेकवले, थोडी सरकली, पुन्हा टेकवले. मग मला खूण केली: इथे खण.

हातभर खाली कोरड्या चामडीसारखी पिशवी लागली. डॉक्टरांनी ती बादलीतल्या पाण्यात सोडली आणि आम्ही तिघं डोकी भिडवून बघत राहिलो. पिशवी सैल झाली, फाटली. आतून काळसर अंग उलगडलं, कल्ल्यांच्या झालरी लाल झाल्या, आणि त्या जनावरानं तोंड उघडून कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला. डॉक्टर लहान मुलीसारख्या चिखलात फतकल मारून बसल्या. ओलीटानं विचारलं, “काय म्हणाला?” मी आवाजाची नक्कल हातांनी कशी करणार? “किंचाळला,” एवढंच सांगितलं.

रात्रभर चिखलातले आवाज टिपायला डॉक्टरांनी तळ्यात ध्वनिमुद्रणाचं यंत्र पुरून ठेवलं. ते तसंच चालू राहिलं.

गुरुवारी दुपारी दोनला आभाळ पिकलेल्या जखमेच्या रंगाचं झालं. वारा थांबला. रेडिओवर टोर्नेडोच्या इशाऱ्यात आमच्या तालुक्याचं नाव आलं. ठरल्याप्रमाणे लोक चर्चच्या तळघराकडे निघाले. आमच्याकडे आसऱ्याची जागा तीच, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी पायऱ्यांवर उभा राहून म्हाताऱ्यांना हात देत होतो.

दोन वीसला सायरन सुरू झाला.

खालून वर चढत जाणारा, तोच आवाज. माझा हात आपोआप कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. मग मी पिकअपकडे पाहिलं. ताडपत्रीखाली मोटर होती. तारेचं तुटकं टोक बाहेर लोंबत होतं.

आवाज खांबाकडून येतच नव्हता. तळ्याकडून येत होता.

तळघरात उतरलेले लोक वर येऊ लागले. कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्या मिसेस टॅकेट आधाराचा वॉकर तिथेच सोडून चालू लागल्या.

“तिकडे उघडं रान आहे,” मी ओरडलो. “खाली चला सगळे.”

“ऐकू येत नाही का तुला?” त्या न थांबता म्हणाल्या.

सगळ्यांच्या पुढे ओलीटा होती. पळत होती.

मी तिला कुंपणापाशी गाठलं, खांदा धरून वळवलं. “कुठे चाललीस?”

तिचे डोळे भरून आले होते, चेहरा उजळला होता. बोटं भराभर चालली. “आवाज, डेल. असा असतो? सांगितलं का नाहीस मला कधी?”

खरं सांगायचं तर भीती वाटत नव्हती. सर्कशीच्या गाड्या गावात शिरताना लहानपणी जसं व्हायचं, तसं छातीत होत होतं. तिच्यामागे मीही तळ्यात उतरलो.

आम्ही सगळी चौतीस माणसं त्या कोरड्या तळावर पालथी पडलो. डॉक्टर बादलीला कवटाळून होत्या.

आवाज थांबला.

मग दुसरा आवाज आला, मालगाडीसारखा, आणि आमच्या डोक्यावरून नाही, गावावरून गेला.

चर्चच्या चारही भिंती तळघरात कोसळल्या होत्या. दोन दिवसांनी खोदयंत्रानं विटा उपसल्या तेव्हा खालच्या लोखंडी खुर्च्या कागदासारख्या चपट्या निघाल्या. आमच्यातल्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी पुरलेलं यंत्र काढून माझ्यासमोर लावलं. दोन वीस. पावलं. धापा. माझं ओरडणं. मिसेस टॅकेटचं उत्तर. सायरन मात्र कुठेच नाही. डॉक्टरांनी ते तीनदा ऐकवलं, मग बंद केलं आणि जनावर पुन्हा त्याच खड्ड्यात सोडून त्या निघून गेल्या. विद्यापीठाला काय कळवलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

ओलीटा आता माझ्याकडेच राहते. परवा सकाळी ती टेबलाशी बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. इतके दिवस टाळलेलं मी विचारलं. “तो आवाज. तुझ्यापुरता कधी थांबला?”

तिनं ओला हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. मान किंचित कलती केली.

मग बोटांनी म्हणाली, “थांबला की सांगते.”