पडदा बंद असताना

जपानमधल्या त्सुकुबाच्या त्या प्रयोगशाळेत प्रणिताचं काम तसं रटाळच होतं. माणसाला अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची आणि समोरच्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन लुकलुकवायचे. चौकोनांच्या लयीत मेंदूच्या मागच्या भागात लाट उठते. शेजारच्या खोलीत, काचेअलीकडे बसून प्रणिता ती नोंदवायची.

त्सुनामीला दोन वर्षं होऊन गेली होती. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरून इथे राहायला आलेल्या नेमोतो-सान प्रयोगासाठी यायच्या. साठीच्या, हळू बोलणाऱ्या. त्या दिवशी होडी बघून येतो म्हणून गेलेला त्यांचा नवरा सापडलाच नव्हता.

त्यांच्या नोंदीत दोन लाटा आल्या. एक पडद्याची, दुसरी कशाची, ते कळेना. प्रणिताने पडद्याचा प्लगच काढला. पहिली लाट विरली. दुसरी राहिली.

प्रकल्पप्रमुख विश्वजित तिच्यासारखाच पुण्याचा. त्याने स्क्रीनकडे ओझरतं पाहिलं.

"इलेक्ट्रोड सैल असणार. नाहीतर बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. हे त्सुनामीवाले पुन्हा आणू नकोस. उडव ही नोंद."

प्रणिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, वायरी मी स्वतः तपासल्यात. आणि त्यांना नाव आहे. नेमोतो-सान."

"भावनेच्या भरात डेटा बिघडतो, प्रणिता."

तिने नोंद उडवली नाही. नेमोतो-सानना पुन्हा बोलावलं. उजवीकडचं दृश्य मेंदूच्या डाव्या बाजूला उमटतं, डावीकडचं उजव्या. पडदा बंद होता, तरी लाट फक्त मेंदूच्या डाव्या बाजूला होती. प्रणिताने खुर्ची उलट फिरवली. लाट मेंदूच्या उजव्या बाजूला गेली. सैल इलेक्ट्रोड अशी बाजू बदलत नाही. खोलीच्या दाराजवळच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं, आणि ते जागचं हललं नव्हतं.

कोपरा तिने टॉर्चने पाहिला. रिकामा.

"तुम्हाला तिथे काही दिसलं?" तिने जपानीत विचारलं.

"दिसलं नाही," टोपी काढताना नेमोतो-सान म्हणाल्या. "पण कुणी उभं असलं की कळतंच ना?" वाकून नमस्कार करून त्या गेल्या.

हे ऐकून विश्वजित खो खो हसला. "रिपोर्टमध्ये काय लिहू? मशीनला भूतबाधा?"

"तुम्हीच बसा, सर," प्रणिता म्हणाली. "आत्ता बसा. मग त्यांना वेडं म्हणा."

खुर्ची तिने पुन्हा पडद्याकडे वळवली. तो बसला. तिने टोपी चढवली, इलेक्ट्रोडखाली जेल भरलं, हात धुऊन पुसले आणि दार ओढून घेतलं. पडदा बंद.

लाट आली. डावीकडे, कोपऱ्याची.

"सर, डोळे मिटलेत ना?"

"मिटलेत."

बघा म्हणावं आता! प्रणिताला हायसं वाटलं. मग उजवीकडेही लाट उठू लागली. आधी बारीक, मग चढत चढत डावीच्या बरोबरीची.

खुर्ची कुणी हलवली नव्हती.

दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे ते त्याच्या बरोबर समोर होतं.

लाट उंच होत चालली. प्रणिता मायक्रोफोनकडे झुकली. पण त्याआधीच स्पीकरमधून विश्वजितचा वैतागलेला आवाज आला.

"प्रणिता, हात पुसून तरी टोपीला लाव ना. किती गार पाणी ओघळतंय मानेवर."

काचेअलीकडे बसल्या जागी प्रणिताने हातांकडे पाहिलं. दोन्ही कोरडे होते.