शनिवारभर अडकलेलं रेकॉर्ड

रूबेन पेणकर मला पहिल्यांदा भेटला तो साहेबांच्या केबिनबाहेर, आणि आम्ही दोघंही तिथे आरोपी होतो.

साल शहाण्णव. शुक्रवारी रोह्याच्या आमच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर कॉस्टिक सोड्याच्या साठ्याचं रेकॉर्ड उघडलं आणि गोदामात ड्रम मोजायला गेले. मोजता मोजता सूर्य कलला. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, मग शनिवार मावळेपर्यंत काम बंद. रेकॉर्ड उघडंच टाकून दिवा लावायला तशीच घरी पळाले. एकाने रेकॉर्ड उघडलं की बाकीच्यांना कुलूप... शनिवारभर एक ड्रम हलला नाही. माझं मशीन बंद करायचं धाडस कुणाला होईना. कुलूप काढू शकणारा एकच, प्रोग्रॅम लिहिणारा रूबेन. तोही आमच्यातलाच, पेणला घरी शब्बाथ पाळत बसलेला.

“चूक माझी,” तो साहेबांना म्हणाला. “माणूस मोजतोय तोवर मशीनने कुलूप धरून बसायला नको होतं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मग दुरुस्तीसाठी तो रोज माझ्या शेजारी बसू लागला.

“आधी मोजा, मग उघडा. लिहा आणि लगेच सोडा.”

“आणि मधेच कुणी ड्रम नेला तर?”

“लिहिताना मशीन आधीचा आकडा ताडून बघेल. जुळला नाय तर परत मोजायला लावेल.”

“म्हंजे चकरा मीच मारायच्या?”

“तुम्ही एकट्याच माराल. नायतर सगळेच रांगेत उभे.”

“बरं, गोदामातून ड्रम वजा झाला नि प्लांटच्या नावावर चढायच्या आत वीज गेली तर?”

“मग वजाही होणार नाय. दोन्ही होईल, नायतर काहीच नाय.”

बोलताना त्याचा हात माझ्या हाताला लागला. त्याने पटकन मागे घेतला — मी नाही.

तीन आठवड्यांत कॉम्प्युटर वाऱ्यासारखा पळू लागला. मला मात्र चैन पडेना. काम संपलं की हा जाणार... आणि ठाण्याचं एक स्थळ बाबांच्या उत्तरासाठी थांबलेलं. रूबेन रोज काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि चहा मागवायचा.

गुरुवारी मीच म्हटलं, “उद्या बाबा ठाण्याला होकार कळवणार.”

“मुलगा बरा हाय ना?” तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. “स्वतः ठरवत नाय नि मलाही ठरवू देत नाय. लगेच सोडायचं ते फक्त मला शिकवता?”

त्याने कीबोर्डवरचे हात काढले. “भाऊ इस्रायलला बोलावतोय. जायचं की नाय, माझंच ठरेना... त्यात तुम्हाला कसं अडकवू?”

“अडकलेच हाय मी. आवडता तुम्ही मला.”

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मी उगाच पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

“मग मी जात नाय,” तो हळूच म्हणाला. “आज संध्याकाळी तुमच्या बाबांना भेटतो. पण... ते नाय म्हणाले तर?”

“त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत,” मी म्हटलं. “माझं व्हय हाय.”